अंदमान : दोन भाषांतले एक बेट

दर्से-निजामीच्या पहिल्या काही वर्षांत 'इल्मुस्सीगा' नावाचे एक छोटे पुस्तक शिकवले जाते. अरबी शब्दांची रूपे कशी बनतात, एका धातूतून किती शब्द निघतात, हा त्याचा विषय. मालेगावात मदरशात गेलेल्या कितीतरी मुलांनी ही रूपे डोलत डोलत पाठ केली आहेत. व्याकरणाचे पुस्तक असते तसेच ते कोरडे आहे. पण ते लिहिले गेले अंदमानच्या बेटावर. त्याचे लेखक मुफ्ती इनायत अहमद काकोरवी यांना १८५७ च्या उठावातल्या सहभागाबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. जवळ ग्रंथ नव्हते. जे स्मरणात होते त्यावरून त्यांनी हे पुस्तक लिहून काढले. एका इंग्रज अधिकाऱ्यासाठी 'तक्वीमुल बुलदान' या अरबी भूगोलग्रंथाचे भाषांतर केल्यामुळे त्यांची सुटका झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १८६३ मध्ये हजला जाताना जहाज बुडून त्यांचा अंत झाला.

हे सारे आठवायला निमित्त झाले ते अंदमानवरच्या एका मराठी प्रवासलेखाचे. असे लेख दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात येतात आणि मी ते आवडीने वाचतो. त्यांचा साचा आता पाठ झाला आहे. विमानाच्या खिडकीतून दिसणारे निळे-हिरवे पाणी, राधानगरचा पांढराशुभ्र किनारा, काचेच्या तळाच्या होडीतून पाहिलेले प्रवाळ, बारातांगच्या चुनखडीच्या गुहा, खारफुटीतून जाणारी बोट. मग एका संध्याकाळी सेल्युलर जेलमधला प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम. लेखकाचे डोळे भरून येतात. दुसऱ्या दिवशी शंख-मोत्यांची खरेदी होते आणि परतीचे विमान. शेवटच्या परिच्छेदात निसर्ग आणि स्फूर्ती यांचा संगम या शब्दांत बेटाचा निरोप घेतलेला असतो.

मी अंदमान पाहिलेले नाही. त्यामुळे माझा हा लेख प्रवासवर्णन नाही, प्रवासवर्णनांचे वाचन आहे. आणि हे वाचन करताना जे खटकते ते लेखकांच्या हेतूबद्दल नाही. त्यांचे डोळे भरून येतात ते खोटे नसते. खटकते ते असे की या लेखांतल्या बेटावर माणसेच नसतात. एक निसर्ग असतो आणि एक तुरुंग असतो. निसर्गाला इतिहास नाही आणि तुरुंगाच्या बाहेर इतिहास नाही.

सेल्युलर जेल बांधायला १८९६ मध्ये सुरुवात झाली आणि ते १९०६ मध्ये पुरे झाले. पण कैद्यांची वसाहत सुरू झाली ती १० मार्च १८५८ रोजी, जेव्हा डॉक्टर जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन तिथे उतरला. म्हणजे अंदमानच्या कैदेतली जवळजवळ पन्नास वर्षे त्या प्रसिद्ध इमारतीशिवाय गेली. तेव्हा भिंतींची गरज नव्हती, बेट हाच तुरुंग होता. जंगल तोडणे, दलदल बुजवणे, रस्ते काढणे हे काम साखळदंडातल्या माणसांनी केले. रॉस बेटावर गोऱ्या साहेबांसाठी बंगले, चर्च, नाचघर झाले ते कैद्यांच्या हातांनी. आज त्या पडक्या इमारतींना वडाच्या मुळ्यांनी विळखा घातला आहे आणि त्यापुढे उभे राहून पर्यटक छायाचित्रे काढतात. २०१८ पासून त्या बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, तर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. नावे बदलली, मुळ्यांच्या खालच्या विटा त्याच राहिल्या.

त्या पहिल्या पन्नास वर्षांतली माणसे कोण होती, हा प्रश्न मालेगावच्या माणसाने तरी विचारायला हवा. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत बनारस, आझमगड, अलाहाबाद या भागांतली विणकर कुटुंबे आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघाली. त्यांतली बरीच मोसम नदीच्या काठी, आपल्या या गावात स्थिरावली. त्यांच्या मागांच्या आवाजावर पुढे हे शहर उभे राहिले. त्याच वादळाने त्याच मुलखातल्या दुसऱ्या काही माणसांना कलकत्त्याच्या, मुंबईच्या धक्क्यावर नेऊन जहाजात बसवले. एका वाटेवर मालेगाव होते, दुसऱ्या वाटेवर अंदमान. अलाहाबादच्या उठावाचे नेतृत्व करणारे मौलवी लियाकत अली १८९२ मध्ये त्या बेटावरच वारले. त्यांच्या शहरातून निघालेल्यांची पणतवंडे आज आपल्याकडे लूम चालवतात. तेव्हा अंदमान हा आपल्यासाठी फक्त सहलीचा देखावा असू शकत नाही.

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास सांगताना विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. वरसईचा एक गरीब ब्राह्मण दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला, नेमका १८५७ च्या वणव्यात सापडला आणि झाशीचा वेढा आतून पाहून परत आला. त्याने आपली हकीकत १८८३ च्या सुमारास लिहून पुरी केली, ती छापली गेली १९०७ मध्ये. याच १८८३ साली नोव्हेंबर महिन्यात उर्दूतला एक मोठा प्रवासलेखक अंदमानहून सुटून घराकडे निघाला होता. त्याचे नाव मौलाना मुहम्मद जाफर थानेसरी. सुटून आल्यावर त्यांनी 'तवारीखे-अजीब' लिहिले. लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'काला पानी' असे झाले. दोन्ही पुस्तकांच्या मुळाशी १८५७ च्या आगेमागे पेटलेला तोच मुलूख आहे, दोन्ही जवळपास एकाच वेळची आहेत, दोन्हींचे लेखक व्यवसायाने साहित्यिक नव्हते आणि दोघांनाही गोष्ट सांगायची हातोटी होती. एकाचा प्रवास पायी झाला, दुसऱ्याचा बेड्या घालून. पण मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेत या दोघांना शेजारी बसवलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

थानेसरी हे आजच्या हरियाणातल्या थानेसरचे. अर्ज लिहून देण्याचा त्यांचा व्यवसाय होता. सय्यद अहमद बरेलवी यांच्या चळवळीशी त्यांचा संबंध होता. इंग्रज या चळवळीला 'वहाबी' म्हणत. सरहद्दीवरच्या मुजाहिदांना पैसा पुरवल्याच्या आरोपावरून ते पकडले गेले आणि १८६४ मध्ये अंबाल्याच्या खटल्यात त्यांना फाशीची शिक्षा झाली. थानेसरी सांगतात की ही शिक्षा ऐकून आरोपी खूश झाले, कारण ती त्यांना शहादत वाटली. तेव्हा इंग्रजांनी तो आनंदही हिरावून घेतला आणि फाशीऐवजी जन्मठेप दिली. मग लाहोर, मुलतान, कराची असा कैदेतला प्रवास. कराचीहून जहाजाने मुंबई. आणि मुंबईहून त्यांना ठेवले ते ठाण्याच्या तुरुंगात.

या ठिकाणी मराठी वाचकाने थोडे थांबावे. ठाण्याचा तुरुंग म्हणजे जुना किल्ला. १८६५ मध्ये थानेसरी तिथे होते आणि डिसेंबरात त्यांचे जहाज मुंबईहून सुटून ११ जानेवारी १८६६ रोजी अंदमानला लागले. यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९११ मध्ये, अंदमानच्या वाटेवरचा आणखी एक कैदी याच ठाण्याच्या तुरुंगात होता. तो आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचा, विनायक दामोदर सावरकर. ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानात पोचले. त्यांचे 'माझी जन्मठेप' १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठीच्या मनातले अंदमान त्या पुस्तकाने कायमचे घडवले. पर्यटक-लेखक आज जे डोळ्यांनी पाहतो ते बरेचसे त्याने आधी या पुस्तकात पाहिलेले असते. म्हणून मराठीतल्या अंदमानचे वाचन करायचे तर ही दोन पुस्तके समोरासमोर ठेवावी लागतात.

थानेसरींचे पुस्तक वाचताना पहिला धक्का बसतो तो त्यातल्या मोकळेपणाचा. अश्रू आणि आक्रोश शोधणाऱ्याची निराशा होते. बेटावर उतरल्यावर त्यांना कचेरीत मुन्शीचे काम मिळाले, कारण तिथल्या कारभाराची भाषा उर्दू होती आणि लिहिणारे हात थोडे होते. ते वरच्या जागेवर गेले. साहेबांना उर्दू-फारसी शिकवू लागले आणि स्वतः इंग्रजी शिकले. बेटावरच लग्न केले, मुले झाली. दुसरी पत्नी अलमोड्याकडची, जन्माने ब्राह्मण. अठरा वर्षांनी परतताना सोबत बायको आणि आठ मुले होती. गेले तेव्हा हातात बेड्या होत्या, परत आले तेव्हा भरला संसार होता. हा उलटफेर त्यांना स्वतःलाच अजब वाटतो. पुस्तकाच्या नावातला 'अजीब' तिथून आला आहे.

प्रवासवर्णन म्हणून या पुस्तकाचे मोल कशात आहे? माझ्या मते ते नजरेत आहे. बेटाची हवा, पाऊस, झाडे, मासे, निरनिराळ्या मुलखांची माणसे, त्यांच्या भाषा, हे सारे थानेसरी उत्सुकतेने नोंदवतात. पण त्यांना हे सारे पाहून परत जायचे नव्हते. जिथे जन्म काढायचा ती जागा माणूस वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. पाऊस किती सुंदर आहे हे त्याच्या मनात नंतर येते, त्याआधी घर गळते का, ताप येतो का, हे येते. पर्यटकाच्या लेखात निसर्ग समोर उभा असतो. थानेसरींच्या लेखनात तो अंगावर येतो, मग सवयीचा होतो आणि शेवटी घराचा भाग होतो. परतीचे तिकीट खिशात नसणे ही प्रवासलेखकाची मोठी शाळा आहे.

पण आपले म्हणून या पुस्तकाकडे डोळे झाकून पाहू नये. थानेसरींनी ते सुटकेनंतर, सरकारी नजरेखाली असताना लिहिले. इंग्रजांच्या कारभाराची स्तुती त्यात आहे, स्वतःच्या बढत्यांचा अभिमान आहे. पुढे सय्यद अहमद यांचे चरित्र लिहिताना त्यांनी इंग्रजविरोधाची धार बोथट केली, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. कैद्यांमधला हा लेखक स्वतः कारभाराचा भाग झाला होता. ज्यांच्या पाठीवर जंगल तोडण्याचे ओझे होते ते अडाणी कैदी त्याच्या पुस्तकात कमी बोलतात. याच बेटावर पाटण्याचे मौलाना याह्या अली १८६८ मध्ये वारले आणि त्यांचे भाऊ अहमदुल्लाह १८८१ मध्ये. त्यांना परतता आले नाही, आणि न परतणाऱ्यांची पुस्तके सहसा होत नाहीत. अल्लामा फज्ले हक खैराबादी यांचा अपवाद आहे. १८५९ मध्ये ते अंदमानला गेले आणि १८६१ मध्ये तिथेच वारले. तेवढ्या काळात त्यांनी १८५७ वर अरबीत लिहिलेले गद्य आणि कसीदे चिंध्यांवर, कागदाच्या कपट्यांवर लपवून बाहेर धाडले, अशी परंपरा सांगते. त्यांच्या लेखनातले अंदमान आणि थानेसरींचे अंदमान एक नाही. अल्लामांच्या बेटावर नुसता दाह आहे, थानेसरींच्या बेटावर बाजार आहे, लग्ने आहेत, पगार आहे. उर्दू शायर मुनीर शिकोहाबादी १८६० ते १८६५ तिथे होते, त्यांनी तो काळ कवितेत मांडला. म्हणजे सेल्युलर जेलची पहिली वीट बसण्याआधीच अंदमानचे साहित्य अरबी, फारसी आणि उर्दूत उभे राहिले होते.

आता 'माझी जन्मठेप'कडे येऊ. या पुस्तकाबद्दल मुसलमान वाचक बहुधा दोनच गोष्टी करतो. एक तर ते वाचत नाही, किंवा वाचून रागावतो. दोन्हींनी समीक्षा होत नाही. लेखनाच्या अंगाने हे ताकदीचे पुस्तक आहे. कोलूला जुंपलेला माणूस, दिवसाला तीस पौंड तेल काढण्याची सक्ती, एकांतकोठडीतले दिवस, भिंतीवर काट्याने-खिळ्याने कोरलेल्या ओळी, हे वाचताना वाचकाचा श्वास अडतो. शारीरिक कष्टाचे इतके थेट वर्णन त्या काळच्या मराठी गद्यात फार थोडे आहे.

पण याच पुस्तकात पठाण, बलुची आणि सिंधी वॉर्डरांचे जे चित्र येते, ते वाचून मालेगावचा वाचक अस्वस्थ होतो. क्रौर्य त्यांच्या धर्मातूनच येते असा सूर तिथे लागतो. कैद्यांच्या धर्मांतराचा आणि शुद्धीचा विषय पानेच्या पाने चालतो. कचेरीतल्या उर्दूच्या जागी हिंदी यावी हा आग्रहही आहे. बंगाली आणि मराठी मुसलमान तसे क्रूर नव्हते आणि त्यामुळे पठाण त्यांनाही हिणवत, अशी नोंद सावरकरांनी स्वतःच केली आहे. ही नोंद आपल्या वाचकांनी मुद्दाम पाहावी. ती त्यांच्याच मुख्य सूत्राला छेद देते. धर्म एक असून वागणे वेगळे होते, तर मग क्रौर्याचे कारण धर्माखेरीज आणखी कशात तरी असले पाहिजे.

ते कारण अंदमानच्या व्यवस्थेत होते. कैद्यांवर पहारा ठेवायला पगारी माणसे आणण्यापेक्षा कैद्यांतूनच जमादार, टिंडाल, वॉर्डर नेमणे इंग्रजांना स्वस्त पडे. परक्या मुलखातल्या, परक्या भाषेच्या कैद्याला दुसऱ्याच्या डोक्यावर बसवले की दोघे एक होत नाहीत. थानेसरी या व्यवस्थेच्या वरच्या पायरीवर, मुन्शीच्या बैठकीवर बसले होते. सावरकर खालच्या पायरीवर, कोलूपाशी होते. दोन पुस्तकांतल्या नजरेचा फरक मुसलमान आणि हिंदू यांच्यातला आहे, असे वाटते. पण तो पुष्कळ अंशी मेज आणि कोलू यांच्यातला आहे. एकाने व्यवस्थेत जागा मिळवली म्हणून तिची क्रूरता त्याला कमी दिसली. दुसऱ्याने ती अंगावर सोसली, पण तिचा धनी सोडून तिच्या हस्तकाचा धर्म त्याने लक्षात ठेवला. दोन्ही पुस्तके एकत्र वाचली तरच ती व्यवस्था पुरी दिसते. एकेकटे वाचले तर प्रत्येक वाचकाला आपापला सोयीचा अंदमान मिळतो.

आता त्या सृष्टिसौंदर्याबद्दल. तिथल्या सूर्यास्ताचे वर्णन नसलेला अंदमानचा लेख क्वचित सापडेल. या बेटावरच्या सूर्यास्ताचा एक प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो पाहणीसाठी आला होता. कामे आटोपली, उजेड थोडा उरला होता, म्हणून तो माउंट हॅरियटवर चढला आणि वर बसून त्याने मावळता सूर्य पाहिला. उतरेपर्यंत अंधार पडला. खाली होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या कैद्याने सुऱ्याने त्याला ठार केले. शेर अलीला ११ मार्च १८७२ रोजी व्हायपर बेटावर फाशी देण्यात आले. शेर अली हा पूर्वी इंग्रजांच्याच नोकरीत होता आणि खुनाच्या आरोपावरून बेटावर आला होता. त्याला क्रांतिकारक म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल. माझा मुद्दा निराळा आहे. त्या संध्याकाळी एकाच डोंगराकडे दोन माणसे पाहत होती. वरच्याला देखावा दिसत होता, खालच्याला वाट दिसत होती. सौंदर्य कोणाला दिसते आणि कोणत्या जागेवरून दिसते, हे प्रवासवर्णनाने विसरायचे नसते.

या डोंगराचे चित्र आपल्या सर्वांच्या खिशात होते. वीस रुपयांच्या जुन्या लाल नोटेच्या पाठीवर नारळाची झाडे, समुद्र आणि दूरचा दिवा आहे, ते माउंट हॅरियटकडचे दृश्य. मालेगावात लूमच्या मजुरीत, चहाच्या टपरीवर, मुशायऱ्याच्या चंद्यात ती नोट हजारो हातांतून फिरली, पण हे ठिकाण कोणते असे सहसा कोणी विचारले नाही. २०१९ मध्ये वीसची नवी नोट आली तिच्यावर वेरूळची लेणी आहेत. २०२१ मध्ये त्या डोंगराचे नावही माउंट मणिपूर झाले, कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे कैदी तिथे ठेवले होते. निदान या नामांतराने एक झाले, त्या डोंगरावर माणसे राहिली होती हे मान्य झाले.

आणि संस्कृती? पर्यटक-लेखक म्हणतो की बेटावर सगळ्या प्रांतांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात, छोटा भारतच जणू. हे वाक्य खरे आहे, पण त्यामागची गोष्ट त्यात नाही. शिक्षा भोगून तिथेच राहिलेल्या कैद्यांनी जात, प्रांत, कधी धर्मही ओलांडून लग्ने केली. त्यांच्या वंशजांना तिथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. त्यांची बोली हिंदुस्तानी झाली. थानेसरींचे घर हे अशाच घरांपैकी एक होते. ज्यांचे गाव, नाव, बिरादरी हिरावून घेतली त्यांनी नवी बिरादरी उभी केली, ही त्या बेटाची खरी सांस्कृतिक कमाई आहे. १९२१ मध्ये सावरकरांना अंदमानातून हलवले गेले. त्याच वर्षी मलबारात मोपल्यांचा उठाव झाला आणि शेकडो मोपले कैदी म्हणून अंदमानात आले. त्यांनी वसवलेल्या गावांना आजही मलप्पुरम, मंजेरी, कालिकत अशी नावे आहेत. आपल्या गावातही १९२१ च्या एप्रिलमध्ये खिलाफत चळवळीच्या काळात उद्रेक झाला होता आणि त्यात फाशी गेलेल्यांचे स्मारक आज गावात आहे. त्या एका वर्षाचे धागे कुठून कुठे जातात ते पाहावे.

एक गोष्ट मात्र दोन्ही पुस्तकांना आणि पर्यटकांच्या लेखांना सारखीच लागू आहे. बेटाचे मूळ रहिवासी कोणाच्याच लेखनात माणूस म्हणून येत नाहीत. थानेसरींनी त्यांच्याकडे साहेबांच्या चष्म्यातून, रानटी म्हणून पाहिले. १७ मे १८५९ रोजी आपली जमीन वाचवायला ग्रेट अंदमानी लोक धनुष्यबाण घेऊन अबर्डीनला लढले. आज त्या अबर्डीन बाजारात पर्यटक खरेदी करतात. २०१० च्या जानेवारीत बोआ नावाची वृद्धा वारली आणि तिच्याबरोबर 'बो' ही भाषा संपली. जारवांच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर खिडकीतून त्यांना पाहण्यासाठी गाड्यांची रांग लागते. २०१२ मध्ये जारवा मुलींना नाचायला लावल्याचे चित्रण बाहेर आले तेव्हा देशभर चर्चा झाली. आमच्या मराठी लेखांत मात्र अजूनही 'जारवा दिसले' हे वाक्य वाघ दिसला या चालीवर येते. ज्यांना स्वतःला कधी काळी कोणी माणसांत धरले नव्हते, त्यांनी तरी हे वाक्य लिहू नये.

आपल्या बाजूचा दोष सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मुसलमानांनी अंदमानचे काय केले? जलशांत, १५ ऑगस्टच्या भाषणांत आपण नावांची यादी वाचतो. फज्ले हक, लियाकत अली, याह्या अली. देशासाठी आमचेही रक्त सांडले आहे, याचा पुरावा म्हणून ही नावे दाखवली जातात. पुरावा देण्याची वेळ का येते, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याचे दुःखही आहे. पण यादी म्हणजे वाचन नाही. नावे पाठ आहेत आणि पुस्तके बंद आहेत. अल्लामांच्या मजारीवर चादर चढवणारा माणूसही त्यांचा कसीदा वाचून परतत नाही. थानेसरींचे पुस्तक तर यादीला गैरसोयीचेच आहे, कारण त्यातला माणूस शहीद होत नाही. तो जगतो, तडजोड करतो, इंग्रजी शिकतो, मुले वाढवतो. आपल्याला शहीद हवे असतात, जगून परत आलेला माणूस नको असतो. आपल्या विणकर पूर्वजांनीही तेच केले होते. ते शहीद झाले नाहीत. आग्रा रस्त्याने चालत आले, माग मांडला आणि जगले.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण एक प्रश्न विचारत आलो आहोत. मराठीला आपण काय देणार? आपला अनुभव द्यावा, हे उत्तर बरोबर आहे आणि ते अनेकांनी दिले. पण आपल्याजवळ आणखी एक गोष्ट आहे. आपण दोन भाषा वाचतो. मालेगावच्या मुलाला घरात उर्दू मिळते आणि रस्त्यावर, कचेरीत मराठी मिळते. ज्या बेटाबद्दल मराठीत एक पुस्तक गाजते आणि उर्दूत दुसरे धूळ खाते, ती दोन्ही पुस्तके एका टेबलावर ठेवू शकणारा वाचक या गावात घरोघरी आहे. 'काला पानी'चे चांगले, टीपांसह केलेले मराठी भाषांतर या गावातून व्हावे असे मला वाटते. ते अंदमानला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या हाती पडावे. जेलमधला कार्यक्रम पाहून त्याचे डोळे भरून यावेतच, पण नंतर त्याने आणखी एक दिवस मुक्काम वाढवावा. साउथ पॉइंटची मजार, व्हायपरची फाशीची जागा, मलप्पुरम नावाचे खेडे पाहावे. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या 'लोकल'ला विचारावे की तुमचे पणजोबा कुठून आले होते.

इकडे मदरशात 'इल्मुस्सीगा'ची रूपे पाठ करणाऱ्या मुलाला उस्तादांनी एक दिवस पुस्तक मिटायला सांगावे आणि नकाशावर ते बेट दाखवावे. हे पुस्तक इथून आले आहे, एवढेच सांगावे. पुढचे प्रश्न तो मुलगा स्वतः विचारील.